हुदाच्या पेशी आणि अख्तरचं डोकं

८ डिसेंबर

घड्याळ काढायला सांगितलं तिला. पनवेलच्या त्या डॉक्टरनं कोरा कागद पुढे सरकवला, हातात पेन्सिल दिली आणि म्हणाला, "आजी, एक गोल काढा, आत आकडे घाला आणि अकरा वाजून दहा मिनिटं दाखवा."

अख्तरुन्निसा म्हणजे काय बालवाडीतलं पोर आहे? चौक गावातल्या अर्ध्या बायका तिच्या हाताखाली शिवण शिकल्या. टेप न लावता नुसत्या नजरेनं ब्लाऊज बेतायची. आणि हा कालचा पोरगा माझ्या बायकोला गोल काढायला लावतो. मी म्हणालो, "डॉक्टर, मशीन असेल तर त्यात घाला, ही शाळा बंद करा." माझ्या मुलीनं, हुदानं, टेबलाखालून माझा हात दाबला.

गोल तिनं सुरेख काढला. आकडे मात्र सगळे एका बाजूला दाटीनं बसवले, बाराच्या पुढे तेरा आणि चौदाही घातले. काटे काढायचे सोडून गोलाच्या कडेनं बारीक बारीक रेघा मारत बसली. डॉक्टर कागद घ्यायला लागला तर म्हणाली, "थांब रं, हातशिलाई राहिली हाय अजून."

डॉक्टरनं रोगाचं नाव सांगितलं, अल्झायमर. अजून मशीनमधला फोटो काढायचाय, रक्त तपासायला पाठवायचंय. मला म्हणाला, "घरी काय काय घडतं ते लिहून ठेवा." ऑइल कंपनीची डायरी माझ्या स्पेअर पार्टच्या दुकानात पडून होती, ती उचलली. पण मी डॉक्टरसाठी लिहिणार नाही. दुकानात ट्रकवाल्यांशी बोलतो त्या आवाजात घरात बोललो की अख्तर घाबरते. म्हणून जे बोलायचं ते इथं.

सगळ्यात मोठी थट्टा अशी की हीच मुलगी पुण्याला एका मोठ्या संस्थेत ह्याच रोगावर संशोधन करते. दुसऱ्या कुठल्या नाही, ह्याच. आणि ती तिथं खुर्चीवर मान खाली घालून बसली होती.

११ डिसेंबर

हे सुरू कसं झालं ते लिहायचं राहिलं. तसं सुरू कधी झालं ते मलाच माहीत नाही. मिठाचा डबा फ्रीजमध्ये, नमाज पढून झाली तरी पुन्हा वजूचे हातपाय धुणं, एवढं सगळ्यांकडेच होतं असं मी धरून चाललो होतो. मग एका दुपारी ती कापडाचा तुकडा हातात घेऊन जुन्या हायवेनं खालापूरच्या दिशेनं चालत गेली. ढाबेवाल्यानं ओळखलं, फोन केला. मी पोचलो तेव्हा बाकड्यावर बसून चहा पीत होती. मला बघून म्हणाली, "तुमी उशीर केला. अस्तर मिळालाच नाय."

मी सगळ्यांसमोर तिच्यावर ओरडलो. तिनं ढाबेवाल्याला विचारलं, "हे कोण हायेत, एवढे कशाला चिडलेत?"

माझ्या बाजूनं त्यालाही राग यायला हवा होता असं मला वाटलं. तो खाली बघत होता.

१९ डिसेंबर

लोकांना मी शुगर सांगितलंय. शुगर वाढली की चक्कर येते, माणूस गोंधळतो, एवढं पुरतं. शेजारच्या जयवंताबाई तेवढ्यावर गप्प बसणाऱ्यातल्या नाहीत. त्या अख्तरच्या शिवणक्लासच्या पहिल्या बॅचच्या. आज भाकऱ्या घेऊन आल्या आणि दारातच मला म्हणाल्या, "शकूरभाई, मला शुगर नका सांगू. माझ्या सासूचं पण असंच हुतं. लपवून काय मिळतं तुमाला?"

मी म्हणालो, आमच्या घरातलं आम्ही बघू. त्या आत गेल्या, अख्तरजवळ बसल्या आणि दोघी जुनी कापडं निवडत राहिल्या. अख्तर त्यांना तीनदा एकच गोष्ट सांगत होती, आणि ही बाई तीनदा "असं काय?" म्हणाली. खोटं कशाला बोलायचं? मी तर प्रत्येक वेळी तिला सांगतो, हे तू आत्ताच बोललीस. कुणीतरी सांगायला नको?

२८ डिसेंबर

हुदा आली आहे. जेवण झाल्यावर मी तिला समोर बसवलं आणि विचारलं, "तू तिकडं करतेस काय, ते मला आज सरळ सांग. आईच्या रोगावर काम करतेस म्हणतेस, मग औषध कुठाय?"

तिनं मोबाईल काढला. काळ्या पडद्यावर हिरवे चमकते ठिपके होते, आणि त्यांच्यामध्ये फांद्या फुटलेल्या कोळ्यासारखं काहीतरी सरकत होतं. ते एका ठिपक्याजवळ गेलं, त्याच्याभोवती हात टाकले आणि गिळलं. ठिपका त्याच्या पोटात चमकत राहिला, हळूहळू विझला.

"ह्या मेंदूतल्या सफाईच्या पेशी, अब्बा," हुदा म्हणाली. "मायक्रोग्लिया म्हणतात. आपल्या सगळ्यांच्या डोक्यात असतात. हिरवं दिसतंय ते ॲमिलॉइड नावाचं प्रोटीन. ते रोज तयार होतं आणि रोज साफ होतं. तुमच्या डोक्यात आत्ता पण होतंय."

"मग हिच्या डोक्यात काय झालं?"

"साफ व्हायचं तेवढं होत नाय. मागं राहिलेलं चिकटून त्याचे गठ्ठे होतात. पेशी जाऊन त्यांना घेरतात. पण फार गिळलं की त्या जड होतात, त्यांच्यात चरबी साठते, मग थांबतात. थांबल्या की नुसत्या बसत नायत, चिडतात. आणि चिडलेली पेशी चांगल्या जोडण्यांना पण तोडते."

हे शेवटचं बोलताना ती माझ्याकडे बघत होती. मला ते आवडलं नाही.

तिनं दुसरी चित्रफीत दाखवली. त्यातली पेशी फुगून गोल झालेली, समोर हिरवा ढीग, आणि ती जागची हलत नव्हती. हुदा म्हणाली, ह्यांना पुन्हा कामाला कसं लावायचं, तेवढंच ती चार वर्षं बघते आहे. उंदरांमध्ये थोडं जमलंय.

म्हणजे पुण्यातल्या उंदरांची डोकी साफ झाली. अभिनंदन. इथं चौकात जी बाई हिला नऊ महिने पोटात घेऊन ट्रकच्या आवाजात शिलाई मारत होती, तिचं डोकं कोण साफ करणार? मी हे असंच्या असं बोललो. हुदा उठून भांडी घासायला गेली. शारिक, माझा मुलगा, दुकान तोच बघतो आता, तो म्हणाला, "अब्बा, बस करा ना." त्याला पण माझंच चुकलेलं दिसतं.

९ जानेवारी

आज पुन्हा पनवेल. सगळे रिपोर्ट आले. जे ऐकलं ते लिहितो आणि मग त्यावर काय बोलायचं ते बोलतो.

पहिली गोष्ट. एक नवीन औषध निघालं आहे. परदेशात देतात, आता इकडे मोठ्या शहरांत पण मिळायला लागलंय. सलाईनसारखं शिरेतून देतात. ते त्या गठ्ठ्यांना जाऊन चिकटतं, म्हणजे सफाईच्या पेशींना खूण पटते आणि त्या तुटून पडतात. गठ्ठे खरंच कमी होतात. हे हुदाला माहीत होतं. मला सांगितलं नव्हतं.

दुसरी गोष्ट. ते औषध अख्तरला द्यायचं नाही म्हणतात. फोटोत मेंदूभर बारीक काळे ठिपके दिसले, आधी कधीतरी थेंब थेंब रक्त झिरपलं असणार. शिवाय रक्ताच्या तपासणीत एक जनुक सापडलं. ते प्रत्येकाला दोन मिळतात, एक आईकडून, एक बापाकडून. अख्तरची दोन्ही वाईट जातीची. अशा माणसाला हे औषध दिलं तर मेंदूला सूज येते, रक्त सुटू शकतं.

मी म्हणालो, होऊ शकतं म्हणजे होईलच असं नाही. डॉक्टर म्हणाला, "मी देणार नाही." एवढंच.

गाडीत मी हुदाला फैलावर घेतलं. ती म्हणाली, "अब्बा, जुना रेडिएटर केमिकल घालून साफ केला की काय होतं?"

"गळतो."

"का?"

"पत्रा आतून खाल्लेला असतो. गाळानंच भोकं बुजलेली असतात."

"अम्मीच्या डोक्यातल्या नळ्या तशाच हायेत. ते प्रोटीन नळ्यांच्या भिंतीत पण बसलंय. एकदम खरवडलं तर फुटतील."

माझ्या बायकोला रेडिएटर म्हणाली. आणि चूक काढायला जागा ठेवली नाही, ह्याचा जास्त राग आला.

तिसरी गोष्ट म्हणजे ते दोन्हीकडून आलेलं जनुक. आता सगळा उलगडा झाला. अख्तरचा बाप म्हातारपणी साजगावात दारोदार स्वतःचं घर विचारत फिरायचा. तिची आई शेवटी कुणाला ओळखत नव्हती, सगळे म्हणायचे वयामुळे. लग्न ठरवताना एका शब्दानं कुणी बोललं नाही. आमच्या खानदानात असलं काही नाही. माझा बाप ऐंशीव्या वर्षी हिशेब तोंडी करायचा. मी हे सगळं गाडीत बोललो. अख्तर पुढच्या सीटवर झोपली होती.

हुदा खिडकीबाहेर बघत म्हणाली, "दोन असली की प्रत्येक मुलाला एक जातंच." मी म्हणालो, विषय बदलू नकोस.

१० जानेवारी

आणि आता हे. पनवेलच्या मुलाशी हुदाचं ठरलं होतं. मुलगा इंजिनिअर, घर चांगलं, ईदनंतर निकाह. आज सकाळी परत जाताना बॅग खांद्याला लावून म्हणाली, "अब्बा, त्यांना सांगा, थोडं थांबू. मला त्याच्याशी काही बोलायचंय आधी."

काय बोलायचंय ते सांगत नाही. आईला औषध नाही, बापाला जबाब नाही, निकाहला सवड नाही. उंदरांना मात्र रविवारीसुद्धा वेळ आहे. मी म्हणालो, "आता मी त्यांना काय सांगू? शुगर?" ती हसली. हसण्यासारखं त्यात काय होतं?

दारात अख्तरनं तिचा दुपट्टा नीट केला आणि विचारलं, "तुझी आई कुटं असते, पोरी?" हुदा म्हणाली, "चौकात. शिवणक्लास घेते." अख्तर खूश झाली. म्हणाली, "मग वळखत असेन मी."

मी मधे पडलो, सांगितलं, अख्तर, ही हुदा, तुझी मुलगी. तिचा चेहरा इतका पडला की मला वाटलं तिला कुणी मारलं. पण खरं सांगायलाच पाहिजे ना?

२२ जानेवारी

राजेश टायरवाला माझा जुना माणूस. त्याला मी शेवटी खरं सांगितलं. तो म्हणाला, कर्जतला नदीकडच्या फार्महाऊसच्या रांगेत एकानं मेंदूचं केंद्र काढलंय. तेच परदेशी औषध तो स्वतःच्या ओळखीनं मागवतो. मुंबईची बडी माणसं शनिवार-रविवार येतात, सलाईन लावून घेतात, झाडाखाली बसतात.

मी फोन केला. तो डॉक्टर इतका गोड बोलला की पनवेलवाल्यानं त्याच्याकडून शिकावं. ठिपक्यांचं विचारलं, तर म्हणाला, "काका, ह्या वयात कुणाच्या डोक्यात ठिपके नसतात? आम्ही रोज करतो. घाबरून बसलं तर पेशंट हातचा जातो."

हेच मला ऐकायचं होतं. घाबरून बसलं तर हातचा जातो. अख्तर रोज थोडी थोडी हातची जाते आहे आणि माझी शिकलेली मुलगी सांगते, वाट बघा. हुदाला सांगणार नाही. गाडी लागणार म्हणून शारिकला सांगावं लागलं, पण तोंड बंद ठेव म्हणालो.

३० जानेवारी

आजचं आजच लिहिणार.

सकाळी आम्ही कर्जतला पोचलो. मी, अख्तर, शारिक, आणि अख्तरला सोबत म्हणून जयवंताबाई. लॉन, बांबूची झाडं, पाण्याचा आवाज काढणारं काहीतरी. आत मऊ खुर्च्यांची रांग. अख्तरला एका खुर्चीत बसवलं, दंडाला रबर बांधलं. ती म्हणाली, "हे कशाला?" नर्स म्हणाली, "काही नाही आजी, ताकदीचं आहे." डॉक्टर माझ्याकडे कागद घेऊन आला. "काका, इथं सही."

मी पेन उघडलं आणि हुदा आत आली. शारिकनं तोंड बंद ठेवलं नव्हतं. तिच्या अंगावर प्रयोगशाळेतलाच शर्ट होता, केस बांधलेले नव्हते. ती माझ्याशी बोललीच नाही. डॉक्टरला म्हणाली, "औषधाचा खोका दाखवा."

"तुम्ही कोण?"

"मुलगी. खोका दाखवा. थंडीत ठेवलेलं असणार, काढा फ्रीजमधून."

"मॅडम, आमची पद्धत आहे..."

"एमआरआय बघितला का तुम्ही? सांगा, ठिपके कुठल्या भागात हायेत?"

तो माझ्याकडे वळला. "काका, घरातलं आधी मिटवून घ्या."

मला भयंकर राग आला, आणि तो त्याच्यावर नाही, हुदावर. सगळ्या लोकांसमोर. मी म्हणालो, "चार वर्षं तू काचेतल्या पेशींना खायला घालतेस. तुझ्या आईसाठी काय केलंस? मी निदान काहीतरी करतोय."

"काहीतरी?" हुदा म्हणाली. "अब्बा, ती मरेल."

डॉक्टरनं कागद माझ्या आणखी जवळ सरकवला. मग खुर्चीतून आवाज आला.

"मला कुणी इचारनार हाय काय?"

अख्तर सरळ बसली होती. डोळे स्वच्छ, जसे क्लासात कापड फुकट घालवणाऱ्या पोरीकडे बघताना असायचे. "मघापासून बघते. डोकं माजं, आणि भांडता तुमी. हुदा, इकडं ये. हे घेतलं तर मला आटवंल काय सगळं?"

हुदा तिच्यासमोर खाली बसली. "नाय अम्मी. गेलेलं परत येत नाय."

"मग काय व्हतं?"

"कुणाकुणाचं पुढचं जायचं ते जरा हळू जातं. तुझ्या डोक्यात रक्त सुटेल."

अख्तरनं दंडावरचं रबर सोडलं, नीट गुंडाळलं आणि नर्सच्या हातात दिलं. "चला. मला भूक लागलीय."

जयवंताबाईंनी तिची चप्पल पुढे केली. मी पेनचं टोपण लावलं. दोन महिने मी हिच्या औषधासाठी भांडतोय, आणि हिला विचारायचं एकदाही माझ्या मनात आलं नाही. तो डॉक्टर मात्र बाहेरपर्यंत मागे आला, म्हणे नंतर एकट्यानं फोन करा. त्याला मी जे सुनावलं ते डायरीत लिहिण्यासारखं नाही.

चौकात ढाब्यावर थांबलो. अख्तरनं मिसळ मागवली. मी हुदाला म्हणालो, तू सगळ्यांसमोर माझी लाज काढलीस. ती म्हणाली, "मला भीती वाटली, अब्बा. रोज वाटते. मी पण तपासून घेतलं."

"काय तपासून घेतलं?"

"तेच जनुक. अम्मीचा रिपोर्ट आला त्याच आठवड्यात. एक तर असणारच होतं, दोन्ही मुलांना. दुसरं हाय का नाय तेवढं बघायचं होतं." ती पावाचा तुकडा मोडत होती, खात नव्हती. "माझी दोन्ही तसलीच हायेत. होईलच असं नाय. पण शक्यता बरीच. हे बघून मग सांगायचं होतं पनवेलच्या मुलाला."

मला पहिल्यांदा कळलंच नाही. मग कळलं आणि मी मोठ्यानं म्हणालो, "एक अम्मीकडून आलं. मग दुसरं कुठून आलं?"

शारिक खाली बघत होता. जयवंताबाई पण. अख्तर पाव रश्शात बुडवत होती, तिनं मान पण वर केली नाही.

"आनखी कुनाचं असनार?" ती म्हणाली. "तुमचंच."

३१ जानेवारी

दुकानात गेलो नाही.

माझा बाप ऐंशीव्या वर्षी हिशेब तोंडी करायचा. माझी आई मी लहान असतानाच गेली, ती म्हातारी झाली असती तर कशी झाली असती, कुणाला ठाऊक. एक असलं तर माणसाला काही होतंच असंही नाही, हुदा म्हणते. ते गुपचूप बसून राहतं आणि पोरांना जातं. माझं शारिकलाही गेलं असेल. तो म्हणाला, मला तपासायचं नाही. त्याला विचारलं का, तर म्हणाला, "माझी मर्जी." मी ओरडणार होतो. नाही ओरडलो.

पण कुणावर ओरडू, हा प्रश्न आहेच. अख्तरच्या बापाला इतक्या वर्षांत मी जेवढं बोललो नव्हतो तेवढं एका दुपारी गाडीत बोललो. आणि माझ्या पोरीनं ते ऐकून घेतलं, स्वतःचा रिपोर्ट आल्यावरही सांगितलं नाही की अब्बा, तुमचंही आहे. ती माझ्यासाठी गप्प बसली. ह्याचा मला सगळ्यात जास्त राग येतो आणि तो कुणावर काढायचा ते समजत नाही.

८ फेब्रुवारी

हुदाला फोन केला. म्हणालो, ती फुगून बसलेली पेशी होती ना, तिचं काय झालं?

तिनं मला प्रश्न पुन्हा विचारायला लावला. मग अर्धा तास बोलत होती. माझ्या डोक्यात फार थोडं शिरलं. हे जनुक असलं की पेशीत चरबी जास्त साठते आणि तिला गठ्ठा गिळता येत नाही. ती चरबी उतरवली तर पेशी पुन्हा खायला लागते का, ते ती बघते आहे. काचेत काही वेळा लागते, काही वेळा नाही. माणसात कधी, ते सांगता येत नाही. तिच्या आईला उपयोग नाही, हे तिनं स्वतःच सांगितलं.

मी विचारलं, तुला?

"बघू," म्हणाली.

पेशी चार वर्षं ऐकत नाहीत आणि ही दर सकाळी त्यांच्यापुढे जाऊन बसते. मी गिऱ्हाईकाला दुसऱ्यांदा भाव सांगत नाही.

२१ फेब्रुवारी

रमजान लागला. अख्तरनं रोजा धरणारच म्हणून हट्ट केला. डॉक्टरनं आणि मौलानांनी दोघांनीही नको सांगितलंय, आजाऱ्याला सूट आहे. तिला ते पटत नाही. पहाटे सहेरीच्या जेवणाला उठून बसते आणि दहा वाजता स्वयंपाकघरात उभी राहून केळं खाते.

पहिल्या दिवशी मी सांगितलं, अख्तर, तुझा रोजा होता. केळं तिच्या हातातच राहिलं. इतकी रडली की जयवंताबाईंना बोलवावं लागलं.

आज पुन्हा तेच. मी दारात उभा होतो. तिनं केळं संपवलं, साल टाकलं, माझ्याकडे बघून विचारलं, "इफ्तारला किती येळ हाय?" मी म्हणालो, "हाय अजून. दम धर." ती म्हणाली, "मला काय हुतंय, तुमीच सुकलेले दिसता."

विसरून खाल्लं तर रोजा तुटत नाही, हे लहानपणापासून ऐकलंय. माझ्या बहिणीनं फोनवर ऐकलं तर म्हणाली, पण रोज रोज विसरायचं म्हणजे काय, त्याला काही हद्द? मी तिला विचारलं, हद्द कुणी ठरवली, तू? तिनं फोन ठेवला. ठेवू दे.

४ मार्च

आज पनवेलचा फोन आला. मुलाचा बाप. हुदानं मुलाला सगळं सांगितलं होतं. मुलानं घरी सांगितलं.

आधी खैरियत विचारली, उन्हाचं बोलला, मग खाकरला. "शकूरसाहेब, राग मानू नका. मुलगी चांगली आहे. पण तुमच्या घरात ही गोष्ट आहे, हे आधी सांगायला हवं होतं. आम्हाला वाटलं भाभींना शुगर आहे. आता आमच्या खानदानात असलं काही नाही, तर उगीच कशाला..."

दोन महिन्यांपूर्वी गाडीत मी हेच बोललो होतो. शब्दसुद्धा तेच.

मी म्हणालो, "शुगर मी सांगितलं, ते माझं खोटं. ते तुम्ही मला सुनावा, ऐकून घेतो. पण खानदानाचं बोलताय तर सांगा, तपासून घेतलंय का तुम्ही?"

"म्हणजे?"

"तुमचं रक्त. तुमच्या बेगमचं. मुलाचं. मी पण असंच म्हणत होतो, आमच्यात नाही. माझ्यातच निघालं. माझ्या मुलीनं स्वतःचं बघितलं आणि स्वतःहून तुमच्या दारात येऊन सांगितलं. तुमच्यात कुणाची छाती आहे तेवढी?"

तो म्हणाला, तुम्ही रागात आहात, आपण नंतर बोलू. मी म्हणालो, मी रागातच असतो, आत्ताच बोला. त्यानं फोन ठेवला.

हुदाला कळवलं. तिला आधीच कळलं होतं, मुलानं मेसेज केला होता. मी विचारलं, रडतेस का? म्हणाली, "थोडंसं. आता काम हाय, अब्बा, पेशींना खायला घालायची वेळ झाली." मी म्हणालो, घाल. पोटभर घाल.

अख्तर ओट्यावर बसून जुन्या सदऱ्याची शिवण उसवत होती. तिनं विचारलं, "कोन हुतं फोनवर? एवढे तापलात कशाला?"

तिच्याजवळ बसलो आणि सगळं सांगितलं. पहिल्यापासून, काही न लपवता. तुला रोग आहे, पोरीला होऊ शकतो, म्हणून पनवेलवाले नको म्हणतात. तिनं सदरा खाली ठेवला. कानापर्यंत लाल झाली.

"माज्या हुदाला नको म्हनले? सोताला समजतात कोन? त्यांची पोरगी आपल्याला नकोच."

"पोरगी नाय. पोरगा."

"तो पन नको."

मला हसू आलं. इतके दिवस ह्या घरात मी एकटाच चिडत होतो. ती आणखी बरंच बोलली, त्यांच्या घराला, त्यांच्या इंजिनिअरला, त्यांच्या पनवेलला. मग सदरा उचलला, दोन टाके उसवले, आणि रस्त्यावरचा ट्रक गेल्यावर मान वर करून म्हणाली, "काय झालं? तुमचं तोंड असं का?"

मी परत सांगितलं. परत सदरा खाली, परत तसाच लालबुंद चेहरा. "माज्या हुदाला?"

दुपारभर असंच चाललं. दर वेळी तिला पहिल्याइतकाच राग आला, अजिबात कमी नाही. एकदाही मी म्हणालो नाही की हे तुला आत्ताच सांगितलंय. ती विचारत राहिली आणि मी पहिल्यापासून सांगत राहिलो.